संगणकीय विचार शाळेत कसा पोहोचला?

संगणकीय विचार, म्हणजे एखादं काम संगणकाला करता येईल अशा नेमक्या पायऱ्यांत मांडण्याची विचारपद्धत, अभ्यासक्रमांत अलीकडे दिसू लागला असला, तरी त्याची सुरुवात १९६७ मधली आहे. त्या वर्षी अमेरिकेत वॉली फोयरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही प्रोग्रामिंगची भाषा तयार केली. पॅपर्ट मूळचे गणिती. मुलं स्वतःचं ज्ञान कसं घडवतात, हे त्यांनी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्यासोबत काम करताना जवळून पाहिलं होतं.

पुढे लोगोत कासव आलं, म्हणजे जमिनीवर फिरणारं छोटं यंत्र किंवा पडद्यावरचं चिन्ह. आज्ञा दिली की ते सरकतं, वळतं आणि मागे रेघ सोडतं. ‘१०० पावलं पुढे, ९० अंश उजवीकडे’ असं चारदा सांगितलं की चौरस तयार. मग मूल समभुज त्रिकोण काढायला घेतं, पुस्तकातला ६० अंशांचा कोन देतं, आणि तिन्ही बाजू काढून झाल्या तरी आकृती उघडीच राहते! त्रिकोणाचा आतला कोन कासवाच्या कामाचा नसतो. आपण किती वळायचं, एवढंच त्याला हवं असतं, म्हणजे १२० अंश. मूल उठून स्वतः तसं चालून पाहतं, तेव्हा चूक सापडते. माझ्या मते या विषयाचा गाभा इथेच आहे.

१९८० मध्ये ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात पॅपर्ट यांनी ‘संगणकीय विचार’ हे शब्द ओझरते वापरले. लोगो अनेक शाळांत गेली, अपेक्षाही वाढल्या. पण १९८४ मध्ये संशोधक रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांना असं आढळलं, की प्रोग्रामिंग शिकलेली मुलं इतर कामांचं नियोजन काही जास्त चांगलं करत नव्हती. या निष्कर्षाची चर्चा खूप होते. त्यानंतरच्या एका अभ्यासाची मात्र फारशी होत नाही, याची मला खंत वाटते. १९८८ मध्ये डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी मुलांना लोगोतल्या चुका शोधायची पद्धतच पायरीपायरीने शिकवली, आणि ती मुलं कागदावर लिहिलेल्या सूचनांमधल्या चुकाही अधिक चांगल्या शोधू लागली.

तरी पुढे बऱ्याच शाळांत संगणकाचा तास टायपिंग आणि तक्त्यांपुरताच उरला. २००६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जॅनेट विंग यांनी एका छोट्या लेखात संगणकीय विचार हे लेखन-वाचन-अंकगणितासारखं प्रत्येकाचं कौशल्य असल्याचं मांडलं आणि चर्चा पुन्हा पेटली. २००७ मध्ये ‘स्क्रॅच’ आलं, म्हणजे मुलांना रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम करता येतील अशी भाषा. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडच्या नव्या अभ्यासक्रमात पाच ते सात वर्षांच्या मुलांनी साधे प्रोग्रॅम लिहिणं आणि त्यातल्या चुका शोधून दुरुस्त करणं अपेक्षित आहे. यातल्या दुसऱ्या कामाला तासिकेत निवांत वेळ मिळायला हवा, आणि शिक्षकांनी उत्तर सांगायची घाई करता कामा नये.