रंग काढले की हरवलेले बारकावे परत येतात?

‘जुना फोटो कृष्णधवल केला की त्यातले हरवलेले बारकावे परत येतात,’ हा फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय.

तसं वाटणं साहजिक आहे. जुन्या कॅमेऱ्यांच्या फोटोंत अंधाऱ्या भागात रंगीत ठिपके पडायचे. रंग काढला की ते दिसेनासे होतात, फोटो स्वच्छ भासतो. पण जेपीजीत, म्हणजे फोटोंच्या नेहमीच्या फाइल-प्रकारात, लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग उघडल्यावर ० ते २५५ या आकड्यांत मोजले जातात; २५५ म्हणजे सर्वांत उजळ. ठोसेघरच्या धबधब्याचा फेस तिन्हींत २५५ला टेकला असेल, तर तिथे कोरा पांढराच उरतो.

फोटोची प्रत काढा (मूळ फोटोला हात नको), ती कृष्णधवल करा आणि दोन्हींत तोच फेस मोठा करून पाहा. एकही जास्तीचा थेंब सापडणार नाही.

कासची गुलाबी फुलं मात्र पानांपासून उठून दिसतील, कृष्णधवल करताना हिरव्या रंगाची पट्टी (स्लायडर) खाली ओढून पानं गडद केलीत तर.