चमकणारं पाणी म्हणजे फॉस्फरस नव्हे

कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिकोच्या व्हिएकेस बेटावरून साताऱ्यात परतले आणि मोबाइलमधले रात्री निळ्या चमकणाऱ्या पाण्याचे फोटो दाखवले, तर काकांनी काळजीने विचारलं, "फॉस्फरसच्या पाण्यात गेलीस? भाजलं नाही ना?" मालवणला चमकणारा समुद्र पाहून आलेले आमचे शेजारीही तो फॉस्फरसच म्हणाले. हा समज आपल्याकडे फार जुना आहे, म्हणून हा खुलासा.

पाण्यात बुडालेला फॉस्फरस पेट घेत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत पिवळा फॉस्फरस पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवतात, आठवतंय? हवा लागली की तो पेट घेतो, म्हणूनच.

व्हिएकेसच्या मस्किटो बे या खाडीत चमकतात ते पायरोडिनियम बहामेन्स नावाचे एकपेशीय जीव. पाणी ढवळलं की त्यांच्या पेशीतल्या ल्युसिफेरिन या रसायनाचा ल्युसिफरेज या विकराच्या मदतीने ऑक्सिजनशी संयोग होतो आणि क्षणभर निळा उजेड पडतो. उष्णता जवळजवळ नाहीच. आपल्याकडच्या काजव्यासारखा थंड उजेड.

अमावास्येच्या रात्री मैत्रीण आणि मी कयाकमध्ये होतो. वल्हं पाण्यात गेलं की निळी रेघ उमटायची, वर काढलं की पात्यावरून चमकते थेंब ओघळायचे. वल्हवणं थांबवलं की पुन्हा मिट्ट काळोख. त्या जीवांना धक्का लागला तरच ते उजळतात, हे तिथे डोळ्यांनी पाहिलं.

कोकणात दिसते ती नॉक्टिल्युका. जीव वेगळा, पण जिवंतच.

मस्किटो बेमध्ये पोहायला बंदी आहे, पण ती माणूस भाजेल म्हणून नव्हे. अंगावरच्या सनस्क्रीनचा आणि डास पळवणाऱ्या औषधांचा त्या जिवांनाच अपाय होतो.