सुलजिप

दक्षिण कोरियातील साधी, गजबजलेली पानगृहे. ‘सुल’ म्हणजे दारू, ‘जिप’ म्हणजे घर. सोजू या स्वच्छ, कडक कोरियन दारूचे अड्डे, तांदळाची गढूळ माक्गोली देणारी घरे, बिअरची ‘होफ’ आणि रस्त्याकडेच्या तंबूंतील पोजांगमाचा हे सर्व या नावाखाली येतात.

चोसन राजवटीतील (१३९२–१९१०) जुमाक, म्हणजे वाटेवरची पानगृहे, हे यांचे पूर्वरूप सांगितले जाते. किम होंग-दो या अठराव्या शतकातील चित्रकाराने जुमाक रंगविला आहे. येचॉन येथील सामगांग जुमाक सुमारे १९०० मधला असावा. परंतु जुमाकात वाटसरूला मुक्कामही करता येई. आजचे सुलजिप शहरी, संध्याकाळी कामावरून सुटलेल्यांचे. त्यामुळे थेट वंशावळ जपूनच मानावी. १९४५ पासूनची रात्रीची संचारबंदी जानेवारी १९८२ मध्ये उठली, हे आजच्या सुलजिपांच्या भरभराटीचे अधिक जवळचे कारण वाटते.

‘होफ’ या नावाविषयी मतभेद आहेत. एक मत ते बिअरमधील हॉप या वनस्पतीशी जोडते. कोरियाचा प्रमाण शब्दकोश मात्र अंगण किंवा दरबार या अर्थाचा जर्मन शब्द मूळ मानतो. म्यूनिकच्या ‘होफब्रॉयहाउस’ या बिअरघराच्या नावात तोच आहे. कोरियनमध्ये इंग्रजी f सारखा ‘फ’ नसल्याने त्याचा उच्चार ‘होपु’ होतो, तर वनस्पतीचे प्रमाण रूप ‘होप’ असे स्वराविना संपते. हा अंत्य स्वर जर्मन मूळाच्या बाजूने जातो, निर्णायक नसला तरी. ओरिएंटल ब्रुअरीने १९८६ मध्ये सेऊलच्या देहांगनो भागात उघडलेल्या होफमुळे नाव रूढ झाले, असे सामान्यतः मानतात.

दारूबरोबरच्या खाण्याला ‘आन्जू’ म्हणतात. त्याला चखणा म्हणणे अपुरे आहे : टेबलावरच्या शेगडीवर रटरटणारा रस्सा किंवा अख्खी तळलेली कोंबडीही आन्जूच. तळलेली कोंबडी (चिकिन) आणि बिअर (मेकजू) यांच्या जोडीला ‘चिमेक’ असा जोडशब्द आहे. कायद्यातही खाण्याला अग्रक्रम दिसतो. अन्न-स्वच्छता कायद्याखाली अशी बरीच दुकाने ‘सामान्य भोजनालय’ म्हणून नोंदलेली असतात. तेथे मद्यपान जेवणाला आनुषंगिक धरतात. ग्राहकांना गाणे म्हणू द्यायचे तर परवाना वेगळा.

टेबलावरची घंटी दाबून वाढप्याला बोलावतात. ती नसेल तर ‘योगीयो’ (‘इकडे!’) अशी हाक, आणि वाढणारी बाई वयाने मोठी असल्यास ‘इमो’, म्हणजे शब्दशः मावशी. मराठी माणसाला हे संबोधन समजावून सांगावे लागत नाही. वडीलधाऱ्याचा पेला दोन्ही हातांनी भरतात. टिप देण्याची प्रथा नाही. बैठकींना ‘छा’ (फेरी) म्हणून मोजतात. दुसऱ्या छाला मंडळी बहुधा दुकान बदलतात.