खिशावरचा मोनोग्राम

जून आला की नाशिकच्या मेन रोडवर गणवेशाच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. "ताई, मोनोग्राम शिवून देऊ की सुटाच नेताय?" दुकानदार विचारतो आणि शर्टाच्या खिशावर बसणारा कापडी तुकडा पुढे करतो. त्यावर उघडं पुस्तक, उगवता सूर्य, खाली एखादं संस्कृत वचन. आपल्याकडे त्याला मोनोग्रामच म्हणतात, आणि सगळ्यांना कळतं. पण शब्दाच्या मूळ अर्थाने तो मोनोग्राम नव्हेच, कारण त्यात अक्षराला अक्षर जोडलेलं नसतं.

शब्द ग्रीक आहे. 'मोनोस' म्हणजे एकटा आणि 'ग्रामा' म्हणजे लिहिलेलं अक्षर. या 'ग्राम'चा गावाशी संबंध नाही. किराणा दुकानातल्या ग्रॅमशी मात्र आहे, तोही याच 'ग्रामा'पासून आला. त्यामागचा धातू 'लिहिणे' या अर्थाचा असला, तरी आधी त्याचा अर्थ 'ओरखडणे, कोरणे' असा होता. आपल्या 'लिहिणे'मागच्या संस्कृत 'लिख्'चंही तसंच.

तर मोनोग्राम म्हणजे दोन किंवा अधिक अक्षरं मिळून झालेली एकच आकृती. खरी मेख आहे ती उसनवारीत: एका अक्षराची रेघ किंवा जागा दुसरं अक्षर वापरतं. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने आपल्या मोठ्या 'ए'च्या दोन पायांमध्ये 'डी' बसवला, तो नमुना प्रसिद्ध आहे. मध्ययुगीन युरोपातल्या सम्राट शार्लमेनच्या मोनोग्राममध्ये 'कारोलुस' या त्याच्या लॅटिन नावाची व्यंजनं क्रूसाच्या चार टोकांना आणि स्वर मधल्या चौकटीत आहेत. लेखनिक आकृती काढून ठेवायचा आणि सम्राट त्यात फक्त एक रेघ ओढायचा, असं मानलं जातं. हात लिहिण्यात फारसा बसलेला नव्हता त्याचा.

पण मोनोग्रामचं जुनं घर म्हणजे नाणी. बोटाच्या पेराएवढ्या चांदीवर राजाचा चेहरा, देवता आणि राजाचं नाव बसवल्यावर उरते ती चिमूटभर जागा. ग्रीकांनी तिथे जोडअक्षरी खुणा ठोकल्या. भारताच्या वायव्येकडच्या ग्रीक राजांच्या, म्हणजे मिनँडरसारख्यांच्या नाण्यांवरही त्या दिसतात. ही खूण टांकसाळीची की नाणी पाडून घेणाऱ्या अधिकाऱ्याची, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. भांडणारच, कारण मोनोग्राम वाचायचा नसतो, ओळखायचा असतो. अक्षरं एकात एक गेली की त्यांचा क्रम हरवतो, आणि ओळखणारे गेले की खूण मुकी होते.

नाणी पाहायला नाशिककरांना लांब जावं लागत नाही, त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्थाच आहे. आणि 1906 मध्ये आपल्या जवळच्या जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ढीग सापडला, तेरा हजारांहून अधिक. त्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या आहेत. त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकली होती. हे मोनोग्राम नव्हेत, हे मान्य. पण दुसऱ्याच्या नाण्यावर आपला हक्क सांगायला छोटी खूण पुरते, हे तिथे हाताने अजमावता येतं.

एका अक्षराने भागवायचं ही रीत आपल्याला तशी मानवत नाही. भांडी बाजारात तांब्यावर नाव घालायला दिलं, तर 'चि. सौ. कां.'पासून गावापर्यंत सगळं लागतं. आणि तरी जोडायचं काम आपला हात रोजच करतो. 'क्'मध्ये 'ष' मिसळून 'क्ष' होतो, तेव्हा दोघांपैकी कोणाचीच ओळख शिल्लक राहत नाही. फरक एवढाच की जोडाक्षर सगळ्यांचं असतं आणि त्याला ठरलेला उच्चार असतो. मोनोग्राम एकाच मालकाचा असतो आणि त्याला उच्चार नसला तरी चालतं.

या दोन्ही जातींचं अपत्य आपल्या खिशात आहे. 15 जुलै 2010 रोजी जाहीर झालेलं रुपयाचं चिन्ह हे देवनागरी 'र' आणि उभा दांडा नसलेला रोमन 'आर' यांचं एकीकरण आहे. उदय कुमार यांनी ते रेखाटलं. दोन लिप्यांतली दोन अक्षरं इथे एकमेकांवर बसत नाहीत, तर एकाच रेघेत राहतात: मराठी वाचणाऱ्याला 'र' दिसतो, इंग्रजी वाचणाऱ्याला 'आर', आणि दोघांनाही रुपयाच. ते चिन्ह असलेल्या नोटा आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यातही छापल्या जातात.