ग्राफिक्स कार्डाचे स्पेसिफिकेशन

ग्राफिक्स कार्डाची क्षमता आणि गरजा सांगणारे आकडे, म्हणजे कार्डाचे स्पेसिफिकेशन. बोलीत नुसते ‘स्पेक्स’. मेमरी, बस (मेमरी आणि चिप यांमधला डेटाचा मार्ग), कोअर (चिपमधले आकडेमोड करणारे घटक), क्लॉक (चिपचा वेग) आणि वीज हे त्यांतले मुख्य. कार्ड घेताना हे आकडे एकमेकांशी जोडूनच वाचावे लागतात. खोक्यावर सर्वांत ठळक छापतात तो मेमरीच्या जीबीचा आकडा, आणि फसगतही बहुधा त्याच्यामुळेच होते.

कार्डावरची मेमरी (व्हीरॅम) किती, यावरून फक्त साठा कळतो. गेमची टेक्स्चर्स (दृश्यातल्या पृष्ठभागांवरची चित्रे) तिच्यात मावली नाहीत तर ती मुख्य रॅममधून पीसीआय एक्सप्रेसवाटे, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाने, आणावी लागतात आणि गेम अडखळतो. मावली, की वरचे जीबी नुसते पडून राहतात. साठ्यातला डेटा चिपपर्यंत किती झपाट्याने पोहोचतो, हे बँडविड्थ सांगते. ती काढणे सोपे आहे: बसची रुंदी बिटमध्ये, गुणिले मेमरीचा वेग, भागिले ८. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी कार्डाची बस १९२ बिटची आणि वेग १५ गिगाबिटचा, म्हणून बँडविड्थ सेकंदाला ३६० जीबी. याच नावाचे ८ जीबीचे कार्ड २०२२ मध्ये आले. कोअर तेवढेच, ३५८४. बस मात्र १२८ बिटची, म्हणजे बँडविड्थ २४० जीबी. जीटी १०३० मध्ये तर जीबीसुद्धा सारखेच होते. दोन्ही कार्डे २ जीबीची, दोन्हींची बस ६४ बिटची. पण एकात ग्राफिक्ससाठीची वेगवान जीडीडीआर५ मेमरी, तर दुसऱ्यात साधी डीडीआर४. पहिल्याची बँडविड्थ ४८ जीबी, दुसऱ्याची जेमतेम १७.

अर्थात बँडविड्थवरूनही थेट निकाल लावता येत नाही. आरटीएक्स ४०६० टीआयची २८८ जीबी, तर आधीच्या पिढीतल्या ३०६० टीआयची ४४८. तरी १०८०पी (१९२० × १०८० पिक्सेल) रेझोल्यूशनवर नवे कार्ड मागे पडत नाही, कारण चिपमधला एल२ कॅश (वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवणारी छोटी वेगवान मेमरी) ४ एमबीवरून ३२ एमबी झाला आणि मेमरीकडच्या खेपा कमी झाल्या. रेझोल्यूशन वाढवले, की कॅश अपुरा पडू लागतो आणि अरुंद बस जाणवते.

कोअरची संख्या एकाच पिढीत, एकाच कंपनीच्या कार्डांत ताडून पाहावी. आरटीएक्स २०८० टीआयचे ४३५२ कोअर आणि ३०७० चे ५८८८ जवळपास सारखेच काम करतात. मधल्या काळात कोअरची रचना बदलली आणि मोजणीही. एनव्हिडियाचे कुडा कोअर आणि एएमडीचे स्ट्रीम प्रोसेसर यांची तुलना तर करूच नये. बूस्ट क्लॉकमधल्या (काम वाढल्यावर चिप गाठते त्या वेगातल्या) थोड्याशा वाढीसाठी जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही.

एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटीच्या तक्त्यात ‘एक्स४’ असे बारीक अक्षरांत असते. म्हणजे या कार्डाला पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन (डेटाच्या वाटा) मिळतात. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर ते निभावते. तिसऱ्या पिढीच्या बोर्डवर तोच मार्ग निम्मा होतो, आणि ४ जीबी व्हीरॅम भरली की फटका बसतो. जुन्या पीसीत स्वस्त कार्ड टाकणाऱ्यालाच हे नडते.

कार्डाला मिळणाऱ्या विजेचा हिशोब सरळ आहे: जास्तीत जास्त स्लॉटमधून ७५ वॉट, सहा पिनच्या कनेक्टरमधून ७५, आठ पिनच्या कनेक्टरमधून १५०. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये दिलेली असते. कॅबिनेटमध्ये पुढे पंखे किंवा रेडिएटर बसवलेला असेल, तर तेवढी जागा वजा करूनच मोजावी.