फुलोरा आणि मधाची चव

मधाचा रंग, वास, चव आणि तो किती लवकर थिजतो हे सगळं बऱ्याच अंशी मधमाशांनी कुठल्या फुलांचा मकरंद आणला त्यावर ठरतं. मकरंद आणि पराग देणाऱ्या अशा सगळ्या झाडाझुडपांना मधमाशा पाळणारे ‘फुलोरा’ म्हणतात. माशी एका फेरीत सहसा एकाच जातीच्या फुलांवर फिरते, आणि भरपूर मकरंद सापडला की पोळ्यावर येऊन नाच करून बाकीच्यांना दिशा नि अंतर सांगते (हा नाच उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चं नोबेल विभागून मिळालं), त्यामुळे एखादं झाड जोरात फुललं की वसाहतीतल्या बहुतेक कामकरी माशा त्याच्यावरच तुटून पडतात आणि त्या दिवसांत भरलेल्या मधाला त्या झाडाची चव येते.

मकरंदात पाणीच जास्त असतं. माशा त्यातली साखर एन्झाइमने फोडतात, पंखांनी वारा घालून पाणी उडवतात, आणि ते २० टक्क्यांच्या आसपास आलं की पोळ्यातल्या घरांवर मेणाचं झाकण लावून टाकतात. गोडी सगळ्याच मधात असते, फरक पाडतात ती थोडीशी आम्लं, खनिजं आणि फुलातली सुगंधी द्रव्यं. संत्र्या-लिंबाच्या मधाला जो खास वास येतो तो मुख्यतः मिथाइल अँथ्रॅनिलेट या द्रव्याचा. फ्रुक्टोजच्या मानाने ग्लुकोज जास्त असेल तर मध लवकर थिजतो, म्हणून राजस्थान-हरियाणाकडचा मोहरीचा मध काही आठवड्यांतच पांढरट लोण्यासारखा होतो आणि गिऱ्हाईक ‘साखर घातलीय’ म्हणून परत आणून देतं, खरं तर नुसतं थिजण्यावरून भेसळ ओळखताच येत नाही. बरणी कोमट पाण्यात ठेवली की मध परत पातळ होतो, फक्त गॅसवर उकळू नये, वासच उडून जातो.

महाराष्ट्रात या विषयाचं माहेर म्हणजे महाबळेश्वर. तिथल्या जंगलात जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा, अंजन, कारवी असा फुलोरा आहे आणि पाळायची माशी म्हणजे सातेरी. तालुक्यातलं मांघर मे २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, तर पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. जांभळाचा मध गडद, किंचित तुरट-कडवट, ज्यांना तो आवडतो त्यांना मग दुसरा मध मिळमिळीत वाटतो. ‘डायबिटीसला चालतो’ असं सांगून तो सर्रास विकतात पण त्यातही ग्लुकोज-फ्रुक्टोजच आहे, तेव्हा त्या सांगण्याला काही अर्थ नाही. कारवीची गंमत वेगळी. ती साधारण आठ वर्षांनी एकदम फुलते, बी धरते आणि मरते, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात २०१६ मध्ये असा बहर आला होता, त्यामुळे एका डोंगरावरचा भरघोस कारवी मध दरवर्षी मिळणं शक्यच नाही. जो दुकानदार बारा महिने देतो त्याला कुठल्या भागातला, कुठल्या साली काढलेला एवढं तरी विचारावं. लॅबमध्ये एकफुली मध ओळखताना परागकण मोजतात, एका जातीचे ४५ टक्क्यांच्या वर असले तर त्या झाडाचं नाव देतात असा ढोबळ नियम आहे, पण संत्र्यासारख्या मधात पराग मुळातच कमी सापडतात म्हणून तिथे तोच आकडा लावून चालत नाही.

आता परसबाग. मधमाशांच्या एक-दोन पेट्या ठेवणाऱ्याला वाटतं की आपण तुळस लावली म्हणजे तुळशीचा मध मिळेल. तसं होत नाही. सातेरी सहज किलोमीटरभर जाते, म्हणजे पेटीभोवती ३०० हेक्टरच्या वर तिचं चरण्याचं क्षेत्र, त्यात आपली गुंठाभर बाग कुठल्या कुठे. मध हा शेजारपाजारचा, रस्त्याकडेच्या करंजाचा, कुणाच्या तरी शेवग्याचा, नारळाचा, चिंचेचा, सोसायटीतल्या बॉटलब्रशचा असतो, आणि उन्हाळ्यात फुलं आटली की माशा रसवंतीगृहातसुद्धा जातात, तेव्हा शहरातल्या मधात काय काय असेल ते बघा. तरी तुळस, सब्जा, शेवगा, कढीपत्ता, लिंबू लावायला हरकत नाही, कारण मोठा बहर संपल्यावरच्या मोकळ्या दिवसांत माशांना थोडंफार मिळत राहतं, मात्र ही झाडं फुलावर असताना त्यांच्यावर कीटकनाशक मारायचं नाही.

चव वेगळी ठेवायची असेल तर हातात एकच गोष्ट आहे, काढण्याची वेळ. मोठा बहर सुरू होताना पेटीच्या वरच्या मधकक्षातल्या (मध साठवायच्या कप्प्यातल्या) जुन्या मधाच्या चौकटी (माशा ज्यात पोळं बांधतात त्या) काढून रिकाम्या द्यायच्या, बहर ओसरला की चौकटीतली बहुतेक घरं मेणाने बंद झालीत का बघायचं, मगच मधयंत्रात फिरवून तो मध वेगळ्या बरणीत भरायचा. घाई करून न झाकलेला मध काढला तर त्यात पाणी जास्त राहतं आणि तो आंबतो, मग कुठल्या फुलाचा होता याने काही फरक पडत नाही. खालच्या पिल्लांच्या कक्षातला मध माशांचाच, त्याला हात लावायचा नाही.

पावसाळ्यात सह्याद्रीच्या बाजूला माशांना आठवडे-आठवडे बाहेर पडता येत नाही, साठा संपला तर सातेरी सरळ पेटी सोडून निघून जाते, म्हणून साखरेचा पाक द्यावा लागतो. त्या पाकाचा माशा जो साठा करतात तो मध नव्हे. तो बहराआधी माशांनी खाऊन संपवलेला असला पाहिजे, उरलाच तर त्या चौकटींवर खूण करून ठेवायची आणि त्या मधयंत्रात घालायच्या नाहीत.