खुर्ची एक, तिकिटं दोन

गेल्या महिन्यात फोंड्याला नाटकाला गेलो, तर आमच्या खुर्चीत दुसरंच कुटुंब बसलेलं. त्यांच्याही मोबाइलवर तोच आकडा, ड-१४. आयोजकांनी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणून टाकल्या आणि नेहमीचं कारण ऐकवलं, "सर्व्हरवर लोड आला हो!"

मला हे पटत नाही. लोड आला की सर्व्हर रेंगाळतो, फार झालं तर बंद पडतो. एकच खुर्ची दोघांना विकतो, ते वेगळ्याच कारणाने.

खुर्ची विकताना प्रोग्राम दोन कामं करतो. आधी नोंद वाचतो, रिकामी आहे का? मग लिहितो, विकली. मध्ये समजा ५० मिलिसेकंद जातात. मी वाचलं, रिकामी. माझं लिहून व्हायच्या आत तुम्ही वाचलं, तेव्हाही रिकामीच. मग दोघांनी लिहिलं. नोंद उरली नंतरच्याची, तिकीट मात्र दोघांच्या हाती. दिवसाला दहा तिकिटं खपतात तोवर या फटीत कुणी सापडत नाही. पण विक्री खुली होताच सेकंदाला १०० जण आले, तर प्रत्येक फटीत सरासरी आणखी पाच जण येतात. लोडने फक्त फट उघडी पाडली.

ती आली कुठून? असले प्रोग्राम पुष्कळदा खिडकीवरच्या एकुलत्या संगणकासाठी लिहिलेले असतात. एक कारकून, एका वेळी एक गिऱ्हाईक. एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप म्हणजे तो कारकूनच. पुढे त्याच कोडवर वेबसाइट चढवतात, कारकून जातो, आणि सोबत कुलूपही गेलं हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

अशा एकट्यापुरत्या कोडचा माझा आवडता नमुना म्हणजे सी या प्रोग्रामिंग भाषेतलं लोकलटाइम हे फंक्शन. ते सेकंदांच्या आकड्याची तारीख-वेळ करतं, उत्तर मेमरीतल्या एकाच ठरलेल्या जागी लिहितं आणि हाती त्या जागेचा पत्ता देतं. म्हणजे अख्ख्या वर्गाला एक पाटी. एका प्रोग्राममध्ये दोन थ्रेड, म्हणजे एकाच मेमरीवर सोबत चालणारी दोन कामं, चालू असली, तर मी वाचेपर्यंत दुसऱ्याने पाटी पुसून आपलं गणित मांडलेलं असू शकतं. म्हणून पुढे पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात याचं 'आर' शेपटीचं भावंड आलं: पाटी ज्याची त्याने आणायची. जुन्या कोडमध्ये अशा सामायिक पाट्या ग्लोबल व्हेरिएबल या नावाने जागोजागी पडलेल्या असतात.

सगळ्या जुन्या कोडला एकच कुलूप घालता येतं. चूक थांबते, पण आतलं काम ५० मिलिसेकंदांचं असेल तर सेकंदाला २० जणच पार होतात. मग 'क्लाउडवर टाका' म्हणणाऱ्यांनी कितीही मोठा सर्व्हर आणावा! रायबंदरच्या धक्क्यापर्यंतचा रस्ता रुंद केला म्हणून फेरीबोट चोडणला लवकर लागत नाही.

त्यापेक्षा प्रत्येक विनंतीला जुन्या प्रोग्रामची वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारी प्रत, द्यावी. मेमरी वेगळी, म्हणून पाटीही वेगळी. डेटाबेस मात्र सामायिकच राहतो. त्याला वाचणं आणि लिहिणं एकाच आज्ञेत सांगायचं: "ड-१४ रिकामी असेल तरच विकली असं लिही." मग किती ओळी बदलल्या ते विचारायचं. एक आली तर तिकीट द्यायचं, शून्य आलं तर दुसरी खुर्ची दाखवायची.

हा दोष एकट्याने तपासायला बसलं की सापडत नाही. शोधायला मध्ये लॉगची, म्हणजे प्रोग्राम कुठवर आला ते नोंदवणारी, एक ओळ घातली, तर तेवढ्यानेही वेळा सरकतात आणि तो दडी मारतो. एका कार्यालयात यावर सर्व्हरच्या कपाटाला लिंबू-मिरची बांधलेली मी पाहिली आहे. विक्रीच्या गर्दीच्या दिवसानंतर ती बांधली, दुसऱ्या दिवशी गर्दी ओसरली, आणि श्रेय लिंबाला गेलं.